चहापाणी : चहा किती आणि पाणी किती?

आपल्या मराठीत काही शब्द जोडीने नांदतात. भाकरतुकडा, मीठमिरची, धुणीभांडी. तसाच एक शब्द ‘चहापाणी’. पाहुणा दारात आला की आपण त्याला ‘चहापाणी झालं का?’ असे विचारतो. लग्नाच्या बैठकीत चहापाणी असते, निरोप समारंभात चहापाणी असते, आणि कचेरीत काम अडले म्हणजे कोणता ‘चहापाणी’ लागतो तेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु या शब्दातील पाणी हळूहळू केवळ नावापुरते उरले आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. पूर्वी उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या दिला जाई. आज तांब्या मागे पडला आणि कपबशी पुढे आली.

चहा हा आपल्याकडे तसा नवखाच. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य ओढवले आणि प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. तेव्हाचा वाद चहा कोणाच्या हातचा घेतला याविषयी होता. आजचा प्रश्न निराळा आहे. दिवसभर चहा घेणाऱ्या माणसाने पाणी वेगळे प्यावे की नाही? चहा पाण्याची जागा घेऊ शकतो काय?

हा प्रश्न मला माझ्या आईने घातला. गृहविज्ञानाच्या वर्गात ऐकलेले घरी जाऊन सांगण्याची मला खोड आहे. ‘पाणी पीत जा’ असे मी म्हटले, तर ती म्हणाली, “अगं, चहा म्हंजे पाणीच की. पाण्यातच तर करतेत.” हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्यात तर्क आहे, आणि पुढे दिसेल की त्यात बरेचसे तथ्यही आहे.

शरीराचा जमाखर्च

प्रौढ माणसाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. पुरुषांत तो सुमारे ६० टक्के आणि स्त्रियांत त्याहून थोडा कमी. हे पाणी माठातल्यासारखे साठून राहत नाही. त्याचा सतत जमाखर्च चालू असतो. मूत्रावाटे दिवसाला एक ते दोन लिटर पाणी बाहेर जाते. श्वासावाटे आणि त्वचेवाटे, घाम आलेला दिसत नसतानाही, पाऊण लिटरच्या आसपास पाणी उडून जाते. उन्हात कष्टाचे काम असेल तर घाम तासाला एक लिटर किंवा अधिकही जाऊ शकतो.

या जमाखर्चाचे खरे हिशेबनीस म्हणजे आपली दोन मूत्रपिंडे. ती दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील ९९ टक्के पुन्हा रक्तात परत घेतात. पाणी कमी पडू लागले की मेंदूकडून संप्रेरकाचा निरोप येतो. मूत्रपिंडे हात आखडता घेतात, मूत्र थोडे व गडद होते आणि आपल्याला तहान लागते. निरोगी माणसाची तहान हा बराच विश्वासू नोकर आहे. मात्र म्हातारपणी तो मंदावतो, आणि कामाच्या घाईत आपणच त्याच्या हाकेकडे दुर्लक्ष करतो.

मग दिवसाला किती पाणी हवे? ‘आठ ग्लास’ हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही सर्वसाधारण निरोगी माणसासाठी सुमारे ८ ग्लास, म्हणजे २ लिटर, असाच अंदाज दिलेला आहे. परंतु हा आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे. अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली प्रौढांना दिवसाला अडीच लिटर पाणी पुरेसे होते असे म्हटले होते. त्याच्याच पुढे, यातील बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते, असेही नमूद केले होते. लोकांनी पहिले वाक्य पाठ केले आणि दुसरे सोडून दिले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली स्त्रियांसाठी २ लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर हे प्रमाण सुचविले, तेही अन्न व सर्व पेये मिळून, आणि तेथील समशीतोष्ण हवेत. आपल्या वरण, ताक, भाजी, कलिंगड यांतूनही पाणी पोटात जातच असते. तथापि, मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास घोटाळत असताना युरोपचे माप आपल्याला पुरणार नाही, हे उघड आहे.

चहा शरीर कोरडे करतो काय?

येथे एका समजुतीचा समाचार घेणे अगत्याचे आहे. ‘चहा प्यायल्याने लघवी जास्त होते, म्हणून चहाने शरीरातले पाणी उलट कमी होते’ असे अनेक सुशिक्षित मंडळी ठामपणे सांगतात. या समजुतीच्या मुळाशी चहातील कॅफिन हे द्रव्य आहे. कॅफिन मूत्रल आहे, हे खरे. पण किती कॅफिन, आणि कोणाला, हा प्रश्न उरतो. २००३ साली या विषयावरील जुन्यानव्या प्रयोगांचा आढावा घेण्यात आला. एका वेळी २५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन पोटात गेले तरच लघवीचे प्रमाण लक्षात येण्याइतके वाढते, आणि रोज चहा-कॉफी घेणाऱ्यांत हा परिणाम पुष्कळच ओसरतो, असे त्यात आढळले. चहाच्या एका कपात, म्हणजे १५० मिलिलिटरमध्ये, कॅफिन असते ३० ते ६५ मिलिग्रॅम.

पुढे २०११ साली इंग्लंडमधील संशोधकांनी २१ निरोगी पुरुषांना एकदा दिवसाला चार ते सहा मग चहा आणि एकदा तितकेच कोमट पाणी देऊन त्यांचे रक्त व मूत्र तपासले. दोहोंत फरक आढळला नाही. २०१६ साली ७२ पुरुषांवर तेरा पेयांची तुलना झाली. त्यातही चहा शरीरात पाण्याइतकाच टिकला, तर दूध आणि जलसंजीवनी पाण्यापेक्षा अधिक वेळ टिकली.

तेव्हा आईचे म्हणणे पहिल्या फेरीत जिंकले असे मानावयास हरकत नाही. चहातले पाणी हे पाणीच आहे. ते शरीराच्या खात्यावर जमा होते. चहाची बदनामी करून पाण्याचे महत्त्व पटवू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. कारण खोट्या कारणाने दिलेला खरा सल्लाही टिकत नाही.

चितेगावच्या टपरीवरील गणित

पण जमा होते म्हणजे पुरते असे नाही. येथून दुसरी फेरी सुरू होते.

आमचे चितेगाव हे छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. एके काळी व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे त्याचे नाव दूरवर पोचले. पाळीवर जाणारे-येणारे कामगार, एस. टी.ची वाट पाहणारे विद्यार्थी, मालमोटारींचे चालक आणि शेतमजूर या सर्वांचे विश्रांतिस्थान म्हणजे रस्त्याकडेची चहाची टपरी. तेथील छोट्या काचेच्या पेल्यातील चहा मी घरच्या औषधाच्या मापाने मोजून पाहिला. तो ७५ मिलिलिटरच्या आसपास भरला. आता कोणी ठरविले की पिण्याच्या पाण्याचे दीड लिटर चहातूनच भरून काढावयाचे, तर त्याला असे २० पेले चहा घ्यावा लागेल.

या २० पेल्यांबरोबर आणखी काय काय येते? प्रत्येकात दीड चमचा, म्हणजे अंदाजे ७ ग्रॅम साखर धरली तर एकूण १४० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशी वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी असे सांगितले आहे. २००० उष्मांकांच्या आहारात ती ५० ग्रॅम होते, आणि शक्यतो २५ ग्रॅमच बरी, असेही तिचे म्हणणे आहे. कॅफिनचा हिशेब केला तर तो ३०० ते ६५० मिलिग्रॅम येतो. आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत घातलेली दिवसाची मर्यादा आहे ३०० मिलिग्रॅम. म्हणजे पाण्याचे खाते भरता भरता साखरेचे आणि कॅफिनचे कर्ज डोक्यावर बसते.

प्रत्यक्षात २० पेले कोणीच पीत नाही. पाच-सहा घेतले जातात आणि ‘आता तर चहा झाला’ म्हणून पाणी टळते. खरी गोम येथेच आहे. एप्रिल महिन्यात मी एक आठवडा आईचे पिणे वहीत टिपून ठेवले. हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे. एका घराची नोंद एवढेच. ती त्या दिवसांत कांद्याच्या काढणीला जात होती. दिवसाला पाच वेळा चहा, तोही अर्धा अर्धा कप, म्हणजे जेमतेम पावणेचारशे मिलिलिटर. पाणी तीन किंवा चार पेले, म्हणजे फार तर ८०० मिलिलिटर. दोन्ही मिळून सव्वा लिटरही नाही. आणि काम सकाळपासून उन्हात. चहाने तिचे पाणी काढून घेतले नव्हते. चहाने तिची तहान तेवढी गप्प केली होती. आणि तहानेबरोबर भूकही. मजुरीवर जाणाऱ्या कितीतरी बायका चहा घेतात तो चवीसाठी नव्हे, तर दुपारच्या भाकरीपर्यंत वेळ मारून नेण्यासाठी, हे आपणांपैकी पुष्कळांनी घरी पाहिले असेल.

भाकरीतले लोह

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. चहात टॅनिन व त्या जातीची द्रव्ये असतात. ज्वारी-बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतील लोहाशी ती आतड्यात बांधली जातात आणि ते लोह रक्तात पोचण्याआधीच वाया जाते. चहात दूध घातले म्हणून हा अडथळा नाहीसा होत नाही. मांसाहारातील लोहाला याची झळ फारशी लागत नाही. पण आमची सारी भिस्त भाकरी-भाजीवर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरातील सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आहे. त्याची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष चहाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु आधीच ताटात लोह कमी, आणि त्यातही भाकरीबरोबर चहा, म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखे आहे. आईला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा ती त्या सकाळच्या चहाबरोबर घेत असे. चहाच्या घोटाने गोळी सोपी गिळली जाते ना! डॉक्टरांनी सांगितल्यावर गोळी पाण्याबरोबर आणि चहा तासाभराने, असा क्रम ठरला. जेवणाआधी व नंतर निदान एक तास चहा टाळावा, हाच सल्ला पोषण संस्थाही देते. ताटात लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा असेल तर त्यातील ‘क’ जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते. यास पैसा लागत नाही. केवळ वेळ बदलावी लागते.

पाणी न पिण्याचे खरे कारण

आतापर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, ‘मग मुलींनी पाणी प्यावे, एवढाच उपदेश ना?’ मैत्रिणींनो, उपदेश सोपा आहे. पण आपण पाणी का पीत नाही, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. सकाळी घरून निघताना एकच घोट घ्यावयाचा, एस. टी.त बाटली उघडावयाची नाही, तासांच्या मध्ये कँटीनमध्ये अर्धा कप चहा चालेल पण पाणी नको, आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर तांब्याभर पाणी घटाघटा प्यावयाचे. ज्या ठिकाणी स्वच्छ, आतून कडी लागणारे आणि पाणी असलेले स्वच्छतागृह नसते, तेथे मुलगी पाणी पीत नाही. शेतातल्या बाईचेही तेच, आणि बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचेही तेच. हे तिचे अज्ञान नव्हे, तो तिचा नाइलाज आहे.

या नाइलाजाची किंमत शरीर मोजते. कमी मूत्र म्हणजे मूतखड्याला आमंत्रण. ज्यांना एकदा खडा झाला आहे त्यांना दिवसाला अडीच लिटर मूत्र होईल इतके द्रव घेण्यास सांगतात ते याचसाठी. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचेही तसेच. ज्यांना हा त्रास वारंवार होतो अशा १४० स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्या स्त्रियांनी वर्षभर रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त घेतले, त्यांच्यातील संसर्गाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ निम्म्यावर आले. औषध नाही, इंजेक्शन नाही, केवळ पाणी! पण ते दीड लिटर पाणी प्यायलेल्या बाईने दिवसभरात जावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर तिने एकटीने द्यावयाचे नसते.

आपल्या परिसरात पाण्याची अपूर्वाई नवी नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर बांधून शहराला पाणी पाजले. पैठणला १९६५ साली लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ते धरण राष्ट्राला अर्पण केले. नाथसागराचे पाणी पैठण रस्त्याने शहराकडे जाते. पाणी माणसापर्यंत आणण्यासाठी एवढे डोंगराएवढे काम झाले. ते ओठापर्यंत नेण्याचे शेवटचे हातभर अंतर मात्र एका कडी नसलेल्या दारापाशी अडून राहावे, ही खेदाची गोष्ट होय.

अति सर्वत्र वर्जयेत्

पाण्याचाही अतिरेक नको. तास-दोन तासांत कित्येक लिटर पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम पातळ होऊन जिवावर बेतू शकते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांत सोडियम असे खाली गेल्याचे आढळले होते. उन्हात घाम गाळणाऱ्याला पाण्याबरोबर मीठही लागते; म्हणून मीठ घातलेले ताक, लिंबूपाणी, पन्हे ही आपली जुनी पेये शहाणपणाची आहेत. जुलाब-उलट्यांत तर नुसते पाणीही पुरत नाही आणि चहाही नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज मिसळलेले पाणी पाजून कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. तीच जलसंजीवनीची पुडी आज प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळते. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांनी आखून दिलेलेच प्रमाण पाळावे.

चहाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो उकळलेला असतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात. म्हणून संशयास्पद पाण्यापेक्षा चहा बरा. पण पाण्यात विरघळलेले नायट्रेटसारखे क्षार उकळून जात नाहीत. आणि उकळावयाचेच असेल, तर तेच पाणी साखर-पत्तीवाचून उकळून माठात भरता येते.

काय करावे?

सारांश, चहा पाण्यात धरला जाईल, पण पाण्याच्या जागी धरला जाणार नाही. चहा सोडा असे मी म्हणत नाही. परीक्षेच्या दिवसांत तसे म्हणण्याचे धाडस मला होणारही नाही! दिवसाला दोन-तीन कप, साखर बेताची, जेवणापासून तासभर दूर, आणि झोपेच्या पाच-सहा तास आधी शेवटचा, एवढे पथ्य पुरे. प्रत्येक चहाआधी एक पेला पाणी ही सवय लावली तर ‘चहापाणी’ या शब्दालाही अर्थ येईल. आपल्याला पाणी पुरते की नाही हे पाहण्यास यंत्र लागत नाही. लघवीचा रंग फिकट गवतासारखा असेल तर ठीक; गडद पिवळा असेल तर शरीर पाणी मागत आहे असे समजावे.

आमच्या घरी आता आई रानात जाताना चहाच्या किटलीबरोबर पाण्याची कळशी नेते, आणि कामावरच्या बायकांनी मिळून बांधाच्या कडेला चार बांबू रोवून जुन्या साड्यांचा आडोसा केला आहे. पाण्याची कळशी तेव्हापासून दुपारीच रिकामी होऊ लागली. चार बांबूंनी रानात जे साधले, ते विटा-सिमेंटच्या आपल्या शाळा-महाविद्यालयांत, बसस्थानकांत आणि बाजारांत साधणे अशक्य नाही. विद्यार्थी मंडळाच्या येत्या बैठकीत पिण्याच्या पाण्याची टाकी आणि मुलींचे स्वच्छतागृह हे दोन विषय वेगवेगळे न मांडता एकच विषय म्हणून मांडावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. प्राध्यापकवर्गानेही तीस पाठिंबा द्यावा. त्या बैठकीत चहा जरूर असावा. मात्र आधी पाणी फिरवावे.